ऊब हवी, पण जरा सांभाळून

उन्हाळ्यात राबलेली यंत्रे थंडीत विसरली जातात आणि वर्षभर विसरलेली यंत्रे थंडीत एकदम सुरू केली जातात. दोन्हींकडे वेळीच लक्ष दिले तर पैसे वाचतात, आणि प्रसंगी जीवही.

दिवाळीचे फटाके थांबतात, पहाटे पांघरूण अंगावर ओढावेसे वाटू लागते आणि बघता बघता घराचे वेळापत्रक बदलते. एसीचा रिमोट खणात जातो, कूलर गॅलरीच्या कोपऱ्यात ढकलला जातो, माळ्यावरचा रूम हीटर खाली उतरतो. कित्येक महिने बंद असलेल्या गीझरचा लाल दिवा पुन्हा पेटतो. हा बदल इतका अंगवळणी पडलेला असतो की बंद केलेले यंत्र कोणत्या अवस्थेत ठेवले आणि सुरू केलेले यंत्र कोणत्या अवस्थेत होते, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

खरे तर या सर्व यंत्रांची देखभाल करण्याचा सर्वांत योग्य काळ हाच. एसी आणि कूलर आता काही महिने झोपणार आहेत. ते स्वच्छ करून ठेवले तर एप्रिलमध्ये कुरकुर न करता कामाला लागतील. मे महिन्यात ज्या कारागिराला दहादा फोन करूनही तो सापडत नाही, तो या दिवसांत मोकळा असतो आणि घाई न करता काम करतो.

याहून महत्त्वाचे कारण वेगळेच आहे. थंडीत आपण दारे-खिडक्या लावून घेतो. उन्हाळ्यात जो दोष वाऱ्याबरोबर निभावून जातो, तोच बंद खोलीत जिवावर बेतू शकतो. म्हणून हिवाळ्यातली देखभाल ही यंत्राच्या आयुष्याइतकीच माणसांच्या आयुष्याचीही गोष्ट आहे.

अर्थात आपल्या देशात थंडी सगळीकडे सारखी नसते. मुंबई, गोवा किंवा चेन्नईच्या घरात गीझरवर काम भागते. पुणे-नाशिकला छतावरचा सोलर असतो. नागपूर, इंदूर, ग्वाल्हेरला कूलर आवरून हीटर काढावा लागतो. दिल्लीला तर डिसेंबर-जानेवारीत गरम हवेच्या यंत्राशिवाय रात्र सरत नाही, आणि नोकरीनिमित्त सिमला, श्रीनगर किंवा लेहला गेलेल्या कुटुंबांना बुखारीशी मैत्री करावीच लागते. तेव्हा आपल्या घरात जे असेल त्याची काळजी कशी घ्यायची, ते एकेक करून पाहू.

एसीला झोपवताना

रिमोटचे बटण दाबले म्हणजे एसी बंद झाला, असे आपण समजतो. पण उन्हाळाभर आणि पावसाळ्यात त्याच्या आतल्या जाळीवर पाणी साचत आलेले असते आणि त्यावर धूळ बसलेली असते. ओल आणि धूळ एकत्र आली की बुरशी धरते. मार्चमध्ये एसी पहिल्यांदा लावल्यावर जो कुबट वास येतो, तो याचाच.

यावर उपाय अगदी सोपा आहे. प्रथम पुढचे झाकण उघडून फिल्टर काढा, साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवून परत बसवा. मग एखाद्या कोरड्या दिवशी एसी नुसत्या पंख्यावर अर्धा-पाऊण तास चालवा. आतली ओल सुकते. त्यानंतर केवळ रिमोटवर न थांबता भिंतीवरचा मुख्य स्विच आणि स्टॅबिलायझरही बंद करा. रिमोटमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून रिमोट खराब होतो.

बाहेरच्या भागाला थंडीत प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत दिसते. त्यामुळे आत ओल कोंडते आणि पत्रा गंजतो. शिवाय उंदरांना आणि पालींना आयतेच उबदार घर मिळते. वरून पाने-कचरा पडू नये इतपत वरची बाजू झाकली तरी पुरे. कबुतरांनी घरटे तर केले नाही ना, तारा कुरतडलेल्या तर नाहीत ना, हे मात्र महिन्यातून एकदा पाहावे. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेने बाहेरच्या जाळीचे पत्रे लवकर झिजतात. तेथे हंगाम संपल्यावर कारागिराकडून ती जाळी साध्या पाण्याने धुऊन घेणे फायद्याचे ठरते.

एक गोष्ट गृहिणींनी पक्की लक्षात ठेवावी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. त्यामुळे ‘दर वर्षी गॅस भरावाच लागतो’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. गॅस खरोखरच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधून बुजवायला सांगा, मग गॅस भरा. गळती न बुजवता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या घागरीत ओतलेले पाणी.

कूलर: आधी पाणी काढा, मग झाका

विदर्भात आणि उत्तर भारतात कूलर हा उन्हाळ्याचा खरा सोबती. पण त्याची रवानगी बहुतेक वेळा टाकीत चार बोटे पाणी ठेवूनच होते. हे पाणी म्हणजे डासांची पैदास. डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्याच्या कडेला, टाकीच्या भिंतीवर अंडी घालतो. पाणी ओतून दिले तरी ही अंडी भिंतीला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. पुढच्या उन्हाळ्यात टाकीत पाणी भरले की त्यातून अळ्या बाहेर पडतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. आतून ब्रशने खरवडून घासावी, धुवावी आणि उन्हात कडक वाळवावी.

लाकडाच्या भुशासारख्या गवताच्या ताट्या एका हंगामानंतर कुजतात. त्या फेकून द्याव्यात. मधाच्या पोळ्यासारख्या जाड ताट्या असतील तर त्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून ठेवता येतात. वाळ्याच्या ताट्याही नीट वाळवून कोरड्या जागी ठेवल्या तर त्यांना बुरशी येत नाही. पंपावर क्षारांचा पांढरा थर बसलेला असतो. पंप बाहेर काढून, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात काही वेळ ठेवून घासला की तो थर निघतो. पंप कोरडा करून पिशवीत घालून कूलरच्या आतच ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात शोधाशोध होत नाही. सगळे वाळले की मगच कूलरवर जुनी चादर टाका.

आणि हो, वायरकडे पाहायला विसरू नका. कूलरचा पत्रा आणि पाणी यांची गाठ पडून विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या उन्हाळ्यात हमखास वाचायला मिळतात. वायरचे आवरण तडकले असेल, प्लगची पिन काळी पडली असेल तर ती दुरुस्ती आत्ताच करून घ्या.

गीझरचे दुखणे आधी ओळखा

आता थंडीत जागी होणारी यंत्रे. त्यात पहिला मान विजेच्या गीझरचा. बरेच महिने बंद असलेला गीझर पुन्हा लावण्यापूर्वी त्याचा गरम पाण्याचा नळ उघडून पाहा. पाणी सलग, एकसारखे येऊ लागले म्हणजे टाकी भरलेली आहे. टाकी रिकामी असताना गीझर लावला तर आतले कॉइल काही वेळातच जळते.

बोअरवेलचे किंवा विहिरीचे जड पाणी असेल तर कॉइलवर क्षारांची पुटे चढतात. पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागणे, तापताना आतून खडखड किंवा गुरगुर आवाज येणे, नळाला पांढरट कण येणे, ही त्याची लक्षणे. अशा वेळी टाकी रिकामी करून कॉइल साफ करून घ्यावे लागते. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते, हे अनेकांना ठाऊकच नसते. ती स्वतः झिजते आणि टाकीचा पत्रा गंजण्यापासून वाचवते. ती पूर्ण झिजली की गंज टाकीकडे वळतो. सर्व्हिसिंगसाठी आलेल्या कारागिराला ‘कांडी बघा’ असे आवर्जून सांगा. थोड्या पैशांची ही कांडी वेळेवर बदलली तर हजारोंचा गीझर वाचतो.

गीझरच्या खालच्या बाजूला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाणी तापले की ते प्रसरण पावते आणि या व्हॉल्व्हमधून दोन-चार थेंब ठिबकतात. हा दोष नव्हे. काही घरांत मात्र ‘गळतेय’ म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारतात किंवा चिंधी बांधतात. असे मुळीच करू नका. थर्मोस्टॅट बिघडून पाणी उकळू लागले तर वाफेला बाहेर पडायची तीच एक वाट असते. ती बंद असेल तर टाकी फुटू शकते. पाण्याची धारच लागली असेल तर कारागिराला बोलवा.

थर्मोस्टॅट साठ अंशांच्या आसपास ठेवावा. याहून जास्त ठेवण्याची गरज नाही. साठ अंशांचे पाणीसुद्धा अंगावर पडले तर काही सेकंदांत भाजते, आणि लहान मुलांची कातडी नाजूक असते. म्हणून बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, हा क्रम घरातल्या सर्वांनी पाळावा.

खर्चाचा हिशेबही सोपा आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.६ युनिट वीज लागते, आणि २००० वॅटच्या गीझरला त्यासाठी अठरा-वीस मिनिटे पुरतात. गीझर दिवसभर चालू ठेवला तर पाणी आपोआप थंड होत राहते, ते पुन्हा पुन्हा तापते आणि बिल विनाकारण चढते. आंघोळीआधी वीस मिनिटे लावा आणि आत जाण्यापूर्वी बंद करा.

२००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपियर वीज ओढतो. त्याला १६ अँपियरचा जाड पिनांचा प्लगच हवा, आणि अर्थिंग तर हवेच हवे. घराच्या विजेच्या पेटीत गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवलेला असेल तर त्यावरचे ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. दाबताच वीज गेली नाही, तर तो स्विच नुसता शोभेचा आहे असे समजा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बादलीत सोडायचा रॉड

भाड्याच्या खोलीत, वसतिगृहात आणि अनेक लहान घरांत पाणी तापवण्याचा रॉडच वापरला जातो. तो स्वस्त आहे, पण त्याच्याइतकी सावधगिरी दुसऱ्या कुठल्याही यंत्राला लागत नाही. १५०० वॅटचा रॉड साध्या ६ अँपियरच्या प्लगला जड होतो. प्लग तापतो, वितळतो. रॉड पाण्यात सोडल्यावरच स्विच लावायचा आणि स्विच बंद करून, प्लग काढल्यावरच पाण्याला हात लावायचा. ‘पाणी तापले का’ म्हणून बोट बुडवून पाहण्याची सवय प्राणघातक आहे. रॉड लोखंडी बादलीत मुळीच लावू नका. प्लॅस्टिकच्या बादलीतही तो कडेला आणि तळाला न टेकता लाकडी दांडीवर अडकवा. जेथे मुले रांगतात तेथे तर रॉड लावून दुसऱ्या कामाला जाऊच नये.

छतावरचा सोलर

‘ऐन थंडीतच सोलरचे पाणी कोमट येते’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. याची कारणे बहुधा साधी असतात. पावसाळ्यानंतर काचांवर धुळीचा थर बसलेला असतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली सरकतो आणि सावल्या लांबतात. त्यामुळे उन्हाळ्यात आड न येणारी शेजारची टाकी, झाडाची फांदी किंवा नवी भिंत आता काचांवर सावली टाकते. छतापासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप उघडा असेल तर वाटेतच पाणी निवते. काचा पुसा, फांदी छाटून घ्या, पाइपाला फोमचे आवरण घाला. निम्मी तक्रार तेथेच मिटते.

काचेच्या नळ्यांचा सोलर असेल तर तो पहाटे किंवा सूर्यास्तानंतर धुवावा. भर दुपारी तापलेल्या नळीवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते. टाकीवरची हवा जाण्याची उभी नळी मोकळी आहे ना, तिच्यात पक्ष्यांनी काड्या तर कोंबल्या नाहीत ना, हेही पाहावे.

रूम हीटर माळ्यावरून उतरताना

हीटर पहिल्यांदा लावताना जळका वास येतो. त्यावर वर्षभर साचलेली धूळ जळत असते. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडा, सळयांच्या मागचा चकचकीत पत्रा पुसून घ्या, पंख्याचा हीटर असेल तर मागची जाळी साफ करा. मग खिडकी उघडून दहा मिनिटे चालवा. वास त्यानंतरही येत राहिला किंवा वायर गरम लागली, तर हीटर दुरुस्तीला टाका. आडवा पडल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असेल तर ती चालते का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

हीटर थेट भिंतीवरच्या जाड पिनांच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर, मोबाइलचा चार्जर आणि टीव्ही असा संसार मांडू नका. पडदे, गादी, सोफा यांच्यापासून तो निदान एक मीटर दूर असावा. तेल भरलेल्या हीटरवर मुलांचे ओले मोजे आणि लंगोट वाळत घालण्याचा मोह अनेकींना होतो. आग लागण्याचे ते सरळ आमंत्रण असते. झोपण्यापूर्वी खोली गरम करून घ्या आणि पांघरुणात शिरताना हीटर बंद करा. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट वीज खातो, हे आठवले तरी हात आपोआप स्विचकडे जाईल.

विजेचा हीटर खोलीतला ऑक्सिजन खातो, असा एक समज आहे. तो खरा नाही. त्यात काही जळत नाही, त्यामुळे प्राणवायू संपत नाही आणि विषारी वायूही तयार होत नाही. हवा तापली की कोरडी वाटू लागते, घसा सुकतो, डोळे चुरचुरतात. त्यासाठी खोलीत पाण्याचे पातेले ठेवले तर बरे वाटते. मात्र हे पातेले शेगडीच्या किंवा गॅसच्या विषारी वायूवर काहीही उपाय करत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

एकच यंत्र, गार आणि गरम

दिल्ली, चंडीगड, लखनौ अशा शहरांत आता गार आणि गरम अशी दोन्ही हवा देणारे एसी वापरात आहेत. ज्यांच्याकडे साधा, फक्त गार करणारा एसी आहे त्यांनी तो ३० अंशांवर लावला तरी खोली गरम होत नाही. त्यासाठी यंत्रातच वेगळी रचना लागते. गरम हवेचा एसी बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता शोषून आत आणतो. म्हणून कडाका फार नसेल तेव्हा तो तेवढ्याच विजेत सळयांच्या हीटरच्या कितीतरी पट ऊब देतो.

हा एसी थंडीत झोपत नाही, राबतो. त्यामुळे त्याचा फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा आणि बाहेरचा भाग झाकू नये. ऊब वर चढते, म्हणून हवेची पट्टी खाली वळवा. तापमान २० ते २२ अंश पुरेसे आहे. अधूनमधून गरम हवा काही मिनिटे थांबते आणि बाहेरच्या भागातून वाफ निघताना दिसते. घाबरू नका. बाहेरच्या जाळीवर धरलेले हिव वितळवण्याचे काम यंत्र करत असते. बाहेरचा भाग बर्फाने सतत भरलेलाच राहत असेल तर मात्र कारागिराला दाखवावे.

जिथे ज्योत, तिथे वारा

इथवर सांगितलेल्या चुकांची भरपाई बहुतेक वेळा पैशांत होते. आता जे सांगायचे आहे, त्याची भरपाई नाही.

गॅस, कोळसा, लाकूड किंवा रॉकेल जळते तेव्हा त्याला भरपूर हवा लागते. हवा कमी पडली की जळणे अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, त्यामुळे त्याची गळती कळते. या वायूचा मात्र पत्ताच लागत नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातापायांतले बळ जाते. धोका कळेपर्यंत उठून दार उघडण्याचीही ताकद उरत नाही. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे सहलीला गेलेल्या केरळच्या आठ पर्यटकांचा, त्यांत लहान मुलेही होती, हॉटेलच्या बंद खोलीत गुदमरून मृत्यू झाला. थंडी फार म्हणून खोलीत गॅसचा हीटर लावलेला होता. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरला एकाच कुटुंबातील पाच जण, त्यांत तीन मुले, राहत्या घरात असेच गुदमरून गेले. ही माणसे निष्काळजी होती असे म्हणता येणार नाही. थंडीत आपल्या माणसांना ऊब मिळावी, एवढेच त्यांना हवे होते.

आपल्याकडे हा धोका सर्वांत जास्त शिरतो तो गॅस गीझरच्या रूपाने. चार बाय सहा फुटांचे न्हाणीघर, बंद खिडकी, बंद दार आणि आत पेटलेला गॅस. पूर्वी घरोघरी तांब्याचा बंब असे. पण तो बहुधा अंगणात, परसात किंवा न्हाणीच्या मोकळ्या कोपऱ्यात पेटत असे, आणि कौलांच्या फटींतून धूर निघून जात असे. आज फ्लॅटच्या घट्ट बंद बाथरूममध्ये ती मोकळीक राहिलेली नाही.

म्हणून गॅस गीझर आणि त्याचा सिलिंडर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत असावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. तो बाथरूमच्या खिडकीलगत लावला तर धूर पुन्हा आतच येतो, हेही ध्यानात ठेवा. गीझर आतच असेल आणि लगेच हलवणे शक्य नसेल, तर दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्या, गॅस बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. गीझर चालू ठेवून आत आंघोळ करू नये आणि एकामागून एक चौघांच्या आंघोळीही उरकू नयेत. वर्षातून एकदा बर्नर साफ करून घ्यावा. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली किंवा गीझरच्या अंगावर काजळी धरली, तर त्या दिवसापासून तो बंद. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायलाच हवी.

दुसरा धोका शेगडीचा. ‘धूर संपला, आता नुसते निखारे आहेत, खोलीत ठेवायला हरकत नाही,’ असे आपल्या आज्या-मावश्याही सांगत आल्या. दिसणारा धूर संपतो हे खरे, पण लाल निखाऱ्यांतूनच हा न दिसणारा वायू सर्वांत जास्त निघतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीची आणि ओवा-बाळंतशेपांच्या धुरीची पद्धत अजून पाळली जाते. बाळाला वारा लागू नये म्हणून त्याच खोलीची खिडकी सर्वांत घट्ट लावलेली असते. शेक द्यायचाच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, माणूस शेजारी बसून द्यावा आणि शेक संपताच शेगडी घराबाहेर न्यावी. त्याऐवजी गरम पाण्याची पिशवी वापरली तर ऊब तितकीच मिळते आणि कसलीच चिंता उरत नाही.

डोंगराळ भागात बुखारी वापरणाऱ्यांनी थंडी सुरू होण्यापूर्वी धुराडे काजळी काढून साफ करावे, पाइपाचे सांधे घट्ट आहेत का पाहावे आणि बर्फ पडल्यावर छतावरचे तोंड मोकळे आहे ना याची खात्री करावी. बुखारी असो, गॅसचा हीटर असो, ती पेटलेली ठेवून झोपू नये. खिडकीची वरची फट कायम उघडी असावी. कार्बन मोनॉक्साइड ओळखून शिटी वाजवणारे छोटे यंत्र आता बाजारात मिळते. ज्या घरात ज्योत पेटते तेथे ते जरूर लावावे, पण त्याच्या भरवशावर खिडकी मात्र बंद करू नये.

घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले आणि मोकळ्या हवेत जाताच बरे वाटले, तर सर्दी-पडसे समजून गप्प बसू नका. बाथरूममधून हाकेला उत्तर आले नाही तर वाट पाहत बसू नका. दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि ११२ वर फोन करा. शुद्ध आली तरी दवाखान्यात न्यायलाच हवे, कारण त्याला प्राणवायू देण्याची गरज असते. मुलांना आणि वृद्धांना आंघोळीला जाताना आतून कडी लावू नका, असे सांगून ठेवणेही शहाणपणाचे.

एका रविवारचे काम

ही सारी यादी वाचून दडपण येण्याचे कारण नाही. कामे वाटून घेतली तर एका रविवारी उरकतात. मुलांनी एसीचे फिल्टर धुवावेत आणि रिमोटचे सेल काढावेत. कूलरची टाकी घासायला दोघे जण लागतील. घरातल्या एकाने प्रत्येक जाड प्लगची पिन काढून पाहावी. काळी पडलेली, सैल झालेली पिन ताबडतोब बदलावी. गीझरचा कारागीर त्याच आठवड्यात बोलवावा आणि त्याला कॉइल, कांडी, व्हॉल्व्ह व अर्थिंग अशी चारही नावे घेऊन काम सांगावे. नाव घेऊन सांगितलेले काम सहसा टाळले जात नाही. शेवटी काय केले आणि कोणत्या तारखेला केले, ते कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी आठवत बसावे लागत नाही.

आणि रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या एकाने फेरी मारावी. हीटर बंद आहे, गॅसचा कॉक बंद आहे, शेगडी बाहेर आहे आणि खिडकीची फट उघडी आहे, एवढे चार ठिकाणी पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. त्या फटीतून येणारा गार वारा पांघरुणाने अडवता येतो.